चावरी

वसतिगृहातल्या दोघी कामवाल्या मावश्यांनी माझे हात खुर्चीला दाबून धरले. तिसरीनं मान धरली आणि न्हाव्यानं डोक्यावरून मशीन फिरवलं. कमरेपर्यंतची वेणी होती माझी. मी "नको, नको" म्हणत होते. माझं "नको" तोंडातून "ओओ" असं निघतं. मान धरलेली मावशी हसली.

"म्हशीगत वरडती बघ."

मी तिच्या मनगटाला चावले. रक्त आलं तरी सोडलं नाय.

त्या दिवसापासून मी चावरी. माझं नाव कुणी घेतलं नाय परत.

माझे हातपाय जन्मापासून वाकडे. मान डुलते, लाळ गळते, बोललेलं लोकांना कळत नाय. डोकं मात्र शाबूत हाय. बजाजनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत आईला माझं सगळं कळायचं. पाय दुखतोय, टीव्ही बारीक कर, भाजीत मीठ कमी हाय. सकाळी दोघी मिळून बुद्धवंदना म्हणायचो. माझे शब्द वाकडे निघायचे. तिला चालायचे.

आई गेली. दादाची कंपनीत पाळी, वहिनीचे दिवस भरत आलेले. मला कोण उचलणार? दादानं मला शेंद्र्याकडच्या या वसतिगृहात आणून सोडलं. जाताना मागं वळून बघितलं नाय त्यानं. बघवलं नसंल.

चावल्यावर गोळ्या सुरू झाल्या. जीभ जड पडली. होते तेवढे शब्दही नीट फुटेनात. संडासला लागली ते सांगता येईना, म्हणून मी थाळी लाथाडायचे. थाळी लाथाडली की जेवण बंद. वर ओढणीनं खुर्चीला बांधायचं. मग कपडे खराब. मग अंगणात, सगळ्यांदेखत, कपडे काढून पाइपानं अंघोळ. तिथं वसतिगृहाच्या गाडीचा ड्रायव्हरपण उभा असायचा. मी किंचाळायचे. वसतिगृह चालवणारे आमचे सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "बघा, किती वायलंट आहे."

का किंचाळते, एकानं विचारलं नाय.

मलाही खरं वाटायला लागलं. आपल्यात जनावर शिरलंय. लई वेळा मरावं वाटलं. पण मरायलासुद्धा मला दुसऱ्याचा हात लागतो.

मग शेजारच्या खाटेवर शबाना आली. शहरातली, जन्मापासून आंधळी. तिला माझं तोंड दिसत नव्हतं, लाळ दिसत नव्हती. ती नुसती ऐकायची. एका दुपारी मी रडत काहीतरी बोलले. ती म्हणाली, "क्या बोली? फिरसे बोल. आहिस्ता."

मी पुन्हा बोलले. आणखी एकदा बोलले.

"पांव अकड गया?"

व्हय. पाय आखडला होता. ती चाचपत आली, पाय चोळत बसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा माझं वाक्य कुणापर्यंत पोचलं. मला हुंदका आवरेना.

मग मी तिला सांगायचे, ती मावशीला हाक मारायची. थाळी लाथाडायची वेळच येईना. तेव्हा मला उमगलं. जनावर कुठंच नव्हतं. तोंडाचं "नको" कुणी ऐकत नव्हतं, म्हणून मी ते दातांनी म्हणत होते.

एका कारखानदाराच्या नातवाचा वाढदिवस इथं करायचं ठरलं. आम्हाला भिंतीला ओळीनं बसवलं. सगळ्यांची डोकी सारखी भादरलेली. भारी साडीतल्या एका बाईनं केकचा तुकडा माझ्या तोंडापाशी आणला. नजर फोटो काढणाऱ्याकडं.

सर म्हणाले, "मॅडम, जरा लांबून. ही चावते."

सगळे हसले. बाईनं हात मागं घेतला आणि लांबून चमचा पुढं केला.

मी ओठ मिटले. मग जमेल तेवढ्या जोरात बोलायला लागले. शबाना उठून उभी राहिली. माझा एकेक शब्द मोठ्यानं सांगत गेली.

"ये बोलरी, मेरे बाल जबरदस्ती काटे, इसलिए मैं काटी। ये बोलरी, मेरेकु नंगा करके पाइपसे नहलाते। ये बोलरी, केक नक्को। पहले पूछो।"

बाईचा चमचा तसाच हातात राहिला. ती माझ्या डोळ्यांकडं बघत होती. पहिल्यांदाच.

सर हसत म्हणाले, "मनावर घेऊ नका. दोघी पेशंट आहेत."

गाणं झालं. टाळ्या झाल्या. गाड्या गेल्या.

लगेच शबानाला मागच्या इमारतीत हलवलं. मला सुई टोचली. दादाला बोलावून सर म्हणाले, "पटत नसेल तर घेऊन जा." दादा एकटाच परत गेला. त्याला मी दोष देत नाय. वाटही बघत नाय आता. भेटीच्या दिवशी वहिनी येते, तिलाच हे सांगतेय. तिला अर्धं कळतं, अर्धं चुकतं. चिडते, पण पुन्हा विचारते.

शेजारची खाट रिकामी हाय. मी रोज शबानाच्या नावानं ओरडते. उत्तर येत नाय. तिला तिथं कशी ठेवलीय, जेवते का, कुणी सांगत नाय. माझ्या ओरडण्याला ते झटका म्हणतात.

झटका नाय तो. मी माणूस मागतेय, मला ऐकणारं माणूस. गोळी वाढवा. बांधा. ती परत येईपर्यंत मी या इमारतीत कुणाला शांत बसू देणार नाय.