बावीस चालते कॉम्प्युटर

दुरुस्तीमामांच्या दुकानात ‘मेला’ हा शब्द काढायची सोय नव्हती. गिऱ्हाईक म्हणालं, “मामा, कॉम्प्युटर मेला,” की मामा चष्म्यावरून बघत. “डॉक्टर तू का मी? ठेव हितं आन् जा.” शुक्रवार पेठेतल्या बोळात दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर मामांना स्टूल घेऊन बाहेर बसावं लागे. तेलुगू विणकराच्या घरातला माणूस. उमेदीची वर्षं यंत्रमाग दुरुस्त करण्यात गेलेली. कारखाना बंद पडला तेव्हा पन्नाशीत त्यांनी जुने कॉम्प्युटर खोलायला घेतले. “धागा कुटं तुटला ते हुडकायचं. बाकी काय हाय त्यात?”

मी कॉलेज बुडवून त्यांच्याकडे बसे. त्यांचं शिकवणं म्हणजे निव्वळ अपमान. “माकडाच्या हातात कोलीत दिलंय मी,” असं ते माझ्यादेखत गिऱ्हाइकांना सांगत. पण हातचं काही राखलं नाही. आज मी एका कंपनीच्या आयटी विभागाचा प्रमुख म्हणून मिरवतो, ते त्यांच्याच जिवावर. माझा त्यांच्यावर फार जीव होता. हे लिहिताना लाज वाटते, पण होता.

त्यांना एक खोड होती. कुठलीही वस्तू एकदा चालू करून बघितल्याशिवाय ते भंगारात टाकत नसत. आणि तासभर खपून ती चालू झाली, की टाकायचं राहूनच जाई. घरात मामींना पाय ठेवायला जागा नव्हती. मग मामा ते कॉम्प्युटर खेड्यातल्या शाळांना फुकट नेऊन देत. एसटीत मांडीवर घेऊन बसत.

गेल्या वर्षी आमच्या कंपनीने बावीस जुने कॉम्प्युटर वापरातून काढले. “सगळे तुमचे,” असा मी मामांना शब्द दिला. मामांनी तोच शब्द मंगळवेढ्याजवळच्या एका शाळेला दिला. तिथल्या बाईंनी खोली रंगवून घेतली, टेबलं मांडली. आणि मग वरून पर्यावरणाचं नवं धोरण आलं. जुना कॉम्प्युटर कुणाला द्यायचा नाही. तो फोडायचा, फुटल्याचा फोटो अ‍ॅपवर चढवायचा, मग कंपनीला हिरवं प्रमाणपत्र. पृथ्वी वाचवण्यासाठी चालती वस्तू फोडायची, यातला मूर्खपणा मला दिसत होता. पण त्या प्रमाणपत्रावर माझी बढती अडकली होती.

मामांना आधी सांगायचा धीर झाला नाही. ते टेम्पो घेऊन आले, तेव्हा सांगितलं. म्हटलं, उद्या बाहेरचा माणूस येऊन फोडणार आहे.

“बाहेरचा नको,” मामा म्हणाले. “आन हातोडा.”

प्रत्येक कॉम्प्युटर त्यांनी आधी चालू करून बघितला. एकवीस चालले, एकवीस फोडले. बाविसावा काही केल्या चालू होईना. मला हायसं वाटलं. मामांनी मात्र मांडी ठोकली, तो खोलला, आतली मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली, परत बसवली. पडदा उजळला.

“चालालंय बघ की!” मामा हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “पोरा, ह्यो एक दे. पोरास्नी दाखवायला तरी.”

“अ‍ॅपमध्ये बावीस नंबर आहेत, मामा.”

त्यांनी तोही फोडला. फोटो नीट आला नाही. मी म्हणालो, “तुकडा जरा वर धरा, नंबर दिसत नाहीये.” त्यांनी धरला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. यंत्रमागांच्या खडखडाटात मामांचे कान गेलेले, म्हणून फोन कायम स्पीकरवर. शाळेच्या बाई होत्या. मामांनी फोन माझ्या हातात दिला. “तू सांग.”

“मामा, निघालाव का? पोरं सकाळधरनं फाटकात हुबी हायत.”

“बाई, मशिनी सगळ्या खराब निघाल्या,” मी म्हणालो.

“असू द्या की. मामांनी हात लावला का? ते करत्यात नीट.”

मामा माझ्यासमोर हातभर अंतरावर उभे होते.

“मामांनाही जमलं नाही.”

बाई म्हणाल्या, “व्हय, आता वय झालं की त्यांचं.”

मामांनी फोन घेऊन खिशात टाकला आणि रिकाम्या टेम्पोत बसून गेले. मला बढती मिळाली. त्यांचं दुकान आठवड्याभरात बंद झालं. का बंद केलं, असं शेजारच्या शिंप्याने विचारलं, तेव्हा मामांनी त्याला एवढंच सांगितलं, “मला जमंना आता.”