लंगडं चाक

३ मार्च, सोमवार. चारशे सत्तर रुपयांची चार नवी रबरी चाकं पिशवीत घालून चूपकाका दुकानातून बाहेर पडले, तेव्हा मुलीचं लग्न ठरवून आलेल्या बापासारखे दिसत होते. दोन वर्षं पडून राहिलेली मागणी अखेर मंजूर झाली होती. मत्स्यालयातली खाद्याची ट्रॉली आता मुकाट्याने चालणार होती.

चूपकाका मत्स्यालयाचे पंप सांभाळत. बोलता बोलता मध्येच बोट वर करायचं, "चूप!" म्हणायचं आणि भिंतीला कान लावायचा, ही त्यांची जुनी सवय. भिंतीपलीकडे कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते ऐकून झालं की राहिलेलं वाक्य पुरं करायचं. त्यावरून हे नाव पडलं आणि संचालक साहेबांपासून तिकीट खिडकीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं.

आवाजाशी त्यांचं वैर लहानपणापासूनचं. वडील बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरवर होते. त्या धडधडीने चाळिशीतच त्यांचे कान गेले. मग घरात सगळं ओरडून बोलावं लागे. उसनवारी, आजारपण, मुलीला बघायला आलेली माणसं, सगळं गल्लीला एकाच वेळी कळायचं. आईचा घसा कायमचा बसला. पोराने तेव्हाच ठरवलं, आपण मोठं झालो की यंत्रांना गप्प करायचं.

त्यांनी ते केलंही. मत्स्यालयात नोकरी मागायला गेले तेव्हा साहेबांनी विचारलं, "माशांची आवड आहे?"

"नाही. पण पाणी फिरतं ठेवीन, आणि आवाज येऊ देणार नाही."

एवढ्यावर नोकरी मिळाली. पोहता अजून येत नाही. घरी त्यांनी दारं, खिडक्या, पाळणा, कपाट, सगळ्याला तेल दिलेलं. बायको वैतागून म्हणे, "या घरात कोण आलं कोण गेलं काही कळत नाही. एखाद्या दिवशी चोर येईल, चहा करून पिऊन जाईल, आणि आपण बसू कप मोजत!"

माशांशी आपला संबंध नाही, हे त्यांचं म्हणणं मात्र पहिल्या वर्षीच मोडलं. जाळ्यात अडकून वल्ह्यासारखा पुढचा पाय कापला गेलेलं एक समुद्री कासव उपचाराला आणलं होतं. ते काही खाईना. काकांना वाटलं, शेजारच्या पंपाची थरथर त्याला सोसत नसावी. त्यांनी पंपाखाली जाड रबर सरकवलं. दोन दिवसांनी कासव खायला लागलं. वैद्य म्हणाले औषधाचा गुण, काका म्हणाले रबराचा गुण, आणि दोघांनी शेवटपर्यंत आपलं म्हणणं सोडलं नाही. पुढे ते कासव पाठीवर ठावठिकाणा कळवणारं यंत्र बसवून समुद्रात सोडलं. ते कुठे पोचलं याचा नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लागला, आणि काका रोज चहाच्या वेळी तिथे उभे राहून विचारू लागले, "आमचा माणूस आज कुठे?"

तर ही ट्रॉली. शीतखोलीतून बादल्या घेऊन ती लाकडी फळ्यांच्या वाटेने मोठ्या हौदाच्या काठावर जायची. चार लोखंडी चाकांपैकी एक चाक एका बाजूने झिजून चपटं झालं होतं. दर फेऱ्याला ते लंगडायचं आणि फळीवर आदळायचं. धप्... धप्... धप्. तो ठोका काकांच्या थेट डोक्यात बसे. सोमवारी संध्याकाळी माशांचं खाणं आटोपल्यावर त्यांनी चारही चाकं बदलली, जुनी घरी जाताना कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला अठरा रुपयांना दिली आणि त्या रात्री अगदी गाढ झोपले.

मंगळवारचा दिवस मोठा होता. हौदात रजई नावाची एक पाकट मादी होती. पाकट म्हणजे तो चपटा, पसरट, लांब शेपटीचा मासा. ही इतकी रुंद होती की पाण्यातून जाताना कुणीतरी रजई झटकतंय असं वाटे. रजई गाभण होती. विद्यापीठातल्या डॉक्टरबाई दर तीन आठवड्यांनी येऊन तिची सोनोग्राफी करत. पाकट पिल्लं कधी आणि किती वाढवते याची धड माहिती नव्हती. ती मिळाली तर कोणत्या महिन्यात समुद्रात त्यांना धरू नये हे कोळ्यांना सांगता येणार होतं. पण मागच्या खेपेला तीन पिल्लांपैकी एक हललंच नव्हतं. ते पोटात मेलं असेल तर आईचाही जीव धोक्यात. म्हणून आज बघणं भागच होतं.

बघण्याची रीत अशी होती, की रजईने आपणहून यायचं. माशांना शिकवणाऱ्या मुलीला सगळे मास्तरीणबाई म्हणत. तिने दोन वर्षं खपून रजईला शिकवलं होतं. पिवळी फळी पाण्यात बुडवली की रजई यायची, फळीवर पसरायची, माकुळाचा, म्हणजे स्क्विडचा, तुकडा खायची आणि डॉक्टरबाई खुशाल तपासायच्या. जाळं टाकून धरायची सोय नव्हती. धरलं की पाकट घाबरते आणि अर्धी वाढलेली पिल्लं टाकून देते.

सकाळी काठावर साहेब होते, डॉक्टरबाई यंत्र घेऊन होत्या. खाली काचेपलीकडे शाळेची मुलं बसली होती. रजईच्या पोटातलं चित्र त्यांना मोठ्या पडद्यावर दिसणार होतं. चूपकाका मुद्दाम वर आले होते, आपल्या ट्रॉलीचा थाट बघायला.

ट्रॉली आली. लोण्यावरून सुरी जावी तशी आली. काकांनी समाधानाने डोळे मिटले.

मास्तरीणबाईंनी फळी बुडवली. रजई पलीकडच्या कोपऱ्यात वाळूत पडून राहिली. फळी हलवली. माकूळ दाखवला. वास पाण्यात जावा म्हणून बादलीच विसळली. बाकीच्या माशांची झुंबड उडाली, रजई ढिम्म.

"आजारी असेल का?" साहेबांनी हळूच विचारलं.

"काल संध्याकाळी तर धावत आली होती," मास्तरीणबाई म्हणाल्या. "अगं ये ना, बये! अशी काय करतेस?"

अर्धा तास गेला. डॉक्टरबाईंना दुपारच्या आत यंत्र घेऊन बंदरावर पोचायचं होतं. साहेबांनी कपाळ पुसलं आणि गड्याला खूण केली. जाळं आलं. काठावर त्याची ओली गुंडाळी पडली, तशी मास्तरीणबाईंनी तोंड फिरवलं.

"जाळं टाकलं तर पिल्लं जातील," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नाही टाकलं आणि आतलं मेलेलं असलं, तर ही जाईल. तुम्हीच सांगा."

खाली मुलांची कुजबुज थांबली. सगळीकडे शांत झालं, आणि चूपकाकांनी सवयीने बोट वर केलं.

"चूप!"

"आता काय ऐकताय, काका?" साहेब वैतागले.

"जे ऐकू येत नाहीये ते." काका ट्रॉलीकडे बघत म्हणाले. "साहेब, काल रजई आली तेव्हा ट्रॉली वाजत होती. परवाही. दोन वर्षं रोज वाजत होती. आज मी तिला गप्प केलं."

गप्प बसले असते तर बोट त्यांच्याकडे वळलं नसतं. मास्तरीणबाईंनी पिवळी फळी पाण्यातून वर ओढली.

"म्हणजे मी दोन वर्षं पिवळी फळी शिकवली, आणि ही बया शिकली चाक?"

"असू शकतं," डॉक्टरबाई झटकन पुढे झाल्या. "बारीक आवाज तिला कळत नाहीत, पण खोल ठोका लांबून कळतो. फळ्यांवर पाय आपटा बघू!"

काका पाय आपटत दारापासून काठापर्यंत चालले. मागोमाग साहेबही आपटू लागले. रजईने वाळूतून कड उचलली, जरा वळली आणि पुन्हा बसली.

"ठोका पटला, चाल पटली नाही," काका म्हणाले. "तेच चाक हवं."

"नव्याला कानशीने चपटं करा ना!" साहेब म्हणाले.

"रबर आहे ते, दाबलं जाईल. वाजणार नाही."

"मग जुनं कुठाय?"

"भंगारात."

साहेबांनी हात कपाळावर मारून घेतला. "तासभर थांबतो. मग जाळं."

काकांनी धूम ठोकली. छप्पन्नाव्या वर्षी, तेलकट डगला अंगावर, पाकीट खुंटीवरच्या सदऱ्यात राहिलेलं. दुकानापुढे टेम्पोत माल भरणं चाललं होतं.

"थांबवा! काल दिलेली माझी चाकं!"

भंगारवाल्याने शांतपणे टेम्पोकडे हात केला. "त्या पोत्यात. पण चाकं पंचवीस-तीस असतील. तुमचं कुठलं, काय नाव लिहिलंय त्यावर?"

काकांनी पोतं फुटपाथवर ओतलं. गंजलेली लोखंडी चाकं सगळी एकाच तोंडवळ्याची, आणि त्यातली बरीच लंगडी. मग त्यांनी एकेक चाक उचललं, फुटपाथवर गडगडत सोडलं आणि वाकून कान लावला.

"काका, चाक बघून घेतात, ऐकून नाही."

"मला आवाज हवाय."

"आवाज?" भंगारवाला हमालांकडे वळला. "ऐका रे! काल चाकं विकून गेले, आज आवाज परत न्यायला आले!"

दहा-बारा माणसं जमली. कुणी म्हणालं उन्हाचा परिणाम, कुणी म्हणालं पैज लागली असेल. एक बाई भाजीची पिशवी खाली ठेवून चाकं आणून द्यायला लागल्या. गडगड, खडखड, किरकिर. नाही, हे नाही. हेही नाही. आणि मग एक चाक सुटलं, पहिल्याच फेऱ्याला अडखळलं, आपटलं, पुढे गेलं, पुन्हा आपटलं. धप्... धप्. दोन वर्षं ज्याने डोकं उठवलं तो ठोका ऐकून काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हेच! किती?"

"साठ."

"काल चारांचे अठरा दिलेस!"

"काल ते नुसतं चाक होतं. आज आवाजासकट आहे."

काकांनी खिसे चाचपले. तेलाचं फडकं निघालं.

"न्या, न्या," भंगारवाला हसत म्हणाला. "पण कशासाठी ते तरी सांगा."

"मासा बाळंत व्हायचाय!" असं ओरडून काका पळालेदेखील. मागे काय हशा पिकला तो त्यांनी ऐकला नाही.

ट्रॉली उलटी केली, तीन चाकं नवी आणि एक जुनं. जाळं धरलेला गडी काठावर उभाच होता. काका शीतखोलीच्या दारापासून ट्रॉली स्वतः ढकलत निघाले. धप्... धप्...

पलीकडच्या कोपऱ्यात वाळूचा ढग उठला.

"चालत राहा, काका, थांबू नका!" मास्तरीणबाई ओरडल्या.

धप्... धप्... रजई निघाली. पंख झटकत, वाटेतल्या माशांना बाजूला सारत आली. मास्तरीणबाईंनी फळी बुडवायच्या आधीच काठाला येऊन थडकली, नाक पाण्याबाहेर काढून, उशीर का केलात असं विचारल्यासारखी. फळी खाली गेली. रजई पसरली. डॉक्टरबाई गुडघ्यावर बसल्या आणि यंत्र लावलं.

पडद्यावर करडा धुरळा दिसला. मग एक घडी घातलेलं पिल्लू. "हलतंय." दुसरं. "हेही हलतंय." तिसरं दिसलं. ते पडून होतं. पडूनच होतं. मग त्याने एका बाजूचा पंख उचलला आणि कूस बदलली.

"जिवंत आहे! झोपलं होतं लबाड!"

खाली शंभर मुलं एकदम किंचाळली. त्यांच्या बाई "श्श! श्श!" करत उठल्या आणि स्वतःच टाळ्या वाजवू लागल्या. साहेबांनी काकांना मिठी मारली, त्यांचा पांढरा शर्ट तेलाने भरला. मास्तरीणबाई रडत होत्या, हसत होत्या आणि मधूनमधून रजईला शिव्या देत होत्या. आयुष्यभर गोंगाटाला विटलेला माणूस त्या गलबल्यात हात वर करून नाचत होता.

पुढे रजईने तिन्ही पिल्लं सुखरूप दिली. त्या मोजमापांवरून डॉक्टरबाईंनी पाकटांच्या विणीचा महिना काढला आणि तेच चित्र घेऊन त्या बंदरावर गेल्या. आता काही होड्यांवर जाळ्यात गाभण पाकट आली, तर शेपटीला धरून न फेकता ओल्या गोणपाटावर घेऊन अलगद सोडतात. पडदा बघितलेली मुलं पुन्हा पुन्हा येतात आणि आधी ट्रॉली विचारतात.

मास्तरीणबाईंनी ट्रॉलीवर पाटी लावली आहे, 'चाकाला हात लावू नये. विशेषतः काकांनी.' दिवसातून दोनदा तो ठोका पंपघरापर्यंत येतो. काका दात आवळून उभे राहतात आणि रजई काठाला येईपर्यंतचे ठोके ऐकतात. घरी बायकोने दाराच्या बिजागरीचं तेल पुसायला लावलं, तेही त्यांनी मुकाट्याने पुसलं.

चार चाकांचे चारशे सत्तर कार्यालयाने दिले. भंगारवाल्याचे साठ रुपये अजून द्यायचे आहेत.