पिंपरीच्या ग्राउंडवर, पहिला हाफ ऐकायला

फोनवरचा घोगरा आवाज मी आधी ओळखलाच नाही. "वाईकर, मी किसन. सोमवारी घशाचं ऑप्रेशन हाय. स्वरयंत्र काढणार म्हणत्यात. आवाज हाय तवर ये. ग्राउंडवर जाऊन येऊ."

मी फोन ठेवला आणि बॅग भरायला घेतली. या वयात कशाला उगाच दगदग, असं एरवी म्हणणाऱ्या माझ्या बायकोने त्या दिवशी स्वतःहून मफलर काढून दिला.

शुक्रवारी सकाळी वाईहून एसटी पकडली. पंच्याहत्तरी ओलांडली की एसटी फुकट, म्हातारपणाचा एवढा तरी फायदा! स्वारगेटला उतरून मेट्रोने नाशिक फाटा गाठला आणि तिथून बसने चाकण. पुढच्या प्रवासाबद्दल एकच सांगतो: शिफ्ट सुटायच्या वेळेला चाकणच्या वाटेला जाऊ नका. कंपन्यांच्या बसगाड्या, ट्रक आणि कांद्याचे टेम्पो यांच्यात माझी बस अशी रुतली, की शेजारच्या माणसाचं अख्खं घराणं मला पाठ झालं. किसनच्या घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. त्याच्या सुनेने, सुनीताने, गरम भाकरी वाढली. किसनच्या ताटात मात्र पातळ खिचडी होती.

आता किसन आणि मी कोण, ते सांगतो. सत्तरच्या दशकात आम्ही पिंपरीच्या एका कंपनीत एकाच लेथवर होतो, पण उलट्या शिफ्टला. एक आठवडा मी सकाळी आणि तो दुपारी, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. मशीन मोकळं सोडायचं नाही, असा नियम. बदलीचा गडी येऊन उभा राहिला, की मगच जायचं.

कंपनीची फुटबॉल टीम होती आणि ग्राउंड गेटासमोरच. सुट्टीच्या दिवशी तिथे साहेबांचं क्रिकेट चाले, त्यामुळे आमच्या मॅचेस कामाच्या दिवशी, तेही ऐन शिफ्ट बदलताना. भोंगा झाला की रेफ्री हाफटाइमची शिट्टी मारायचा, मग घड्याळात काही का वाजले असेनात. दुपारपाळीवाले पहिला हाफ बघून आत जायचे, सकाळपाळीवाले बाहेर येऊन दुसरा बघायचे. म्हणून आमच्या टीमला सगळे भोंगा इलेव्हन म्हणत. किसनने आणि मी एकही अख्खी मॅच एकत्र पाहिली नाही. माझी सकाळपाळी असली की त्याने मशीनपाशी येऊन मला पहिला हाफ सांगायचा आणि मी दुसऱ्या दिवशी त्याला दुसरा; पाळी बदलली की उलटं. त्याचं सांगणं असं, की फोरमनसुद्धा शिव्या द्यायचं विसरून ऐकत थांबायचा. खरं सांगतो, मला फुटबॉलची गोडी खेळ बघून नाही लागली, किसनमुळे लागली.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. त्याचा मुलगा गाडी देत होता, पण किसनने बसचाच हट्ट धरला. भोसरीला बस बदलून पिंपरीत उतरलो आणि आधी कॅम्पात, सिंधी वस्तीत, दाल-पकवान घेतलं. कुरकुरीत पकवान मी खाल्लं, मऊ डाळ त्याने. वाटणी जमली एकदम! पिंपरीला गेलात तर हे चुकवू नका, आणि जाल ते सकाळीच जा, उशीर केलात तर संपलेलं असतं.

कंपनी केव्हाच बंद झाली. ग्राउंडावर आता उंच इमारतींची सोसायटी उभी आहे. गेटावरच्या वॉचमनने अडवलं.

"कोणाकडं जायचंय आजोबा? फ्लॅट नंबर सांगा."

किसन म्हणाला, "फ्लॅटात न्हाई, गोलपोस्टाकडं जायचंय."

वॉचमन आमच्या तोंडाकडे बघत राहिला. मी सगळं समजावून सांगितल्यावर हसला. परभणीकडचा होता. म्हणाला, "जा, पण लवकर या बरं. सेक्रेटरी लई खडूस हाय."

आत कशाचाच मेळ लागेना. मागे बाभळीची रांग होती, ती नाही. सायकलींची गॅलरी नाही. सायकली एकमेकींना टेकवून, कॅरिअरवर उभं राहून आम्ही मॅच बघायचो. एक घसरला की अख्खी ओळ आडवी. चुन्याने स्कोअर लिहायचा लोखंडी पत्रा नाही, लिंबूपाण्याचं पिंप नाही. मला एकदम रडू आल्यासारखं झालं. एवढ्या लांब येऊन गाड्यांचं पार्किंग बघायचं?

तेवढ्यात एक माणूस गाडी धूत होता, त्याचं पाणी वाहत रेल्वेच्या बाजूला निघालं. किसनने माझा दंड धरला. "बघ, उतार हाय अजून! लाइनीकडचा गोल हिकडं."

बरोबर! ग्राउंडाला उतार होता, आणि टॉस जिंकला की आमचा कॅप्टन डोळे मिटून उतार मागायचा. आम्ही पाण्यामागे चालत गेलो. गोल होता तिथे आता जनरेटरची खोली आहे. गोलाचे खांब आमच्याच शॉपमध्ये वेल्डिंग केलेले, आणि जाळीला पैसे नव्हते म्हणून चाकणच्या बाजारातून आणलेली कांद्याची गोणपाटं शिवून लावलेली. बॉल बसला की धूळ आणि कांद्याची सालपटं उडायची. गोल झाला असं आमच्याकडे कुणी म्हणतच नसे. "गोण फुगली रे!" असं सगळे ओरडायचे.

जनरेटरच्या कठड्यावर बसून मी म्हणालो, "किसन, खडकीवाल्यांची मॅच सांग." त्या मॅचला आम्ही दोन गोलांनी मागे होतो आणि तीन-दोनने जिंकलो.

त्याने सांगितली. मधे मधे थांबत, पाण्याचे घोट घेत. त्यांचे दोन गोल सांगितले, मग आमचा पहिला. उजव्या कडेच्या आमच्या राइट आउटने चिखलातून बॉल कसा उचलला, दोघांना कसा चकवला, गोण कशी फुगली, सगळं हातांनी दाखवत. आवाज फाटत होता तरी थांबेना. पन्नास वर्षांपूर्वीच्या मशीनच्या तेलाचा वास माझ्या नाकाशी आला.

मग त्याने पाण्याची बाटली खाली ठेवली. म्हणाला, "वाईकर, त्यो गोल मी बघितलाच न्हाई."

"म्हणजे?"

"आपण दोन खाल्ले, मला बघवंना. वाटलं, तुला लवकर सोडावं. तू ग्राउंडावर असला की आपली टीम मारती, असं आपलं माझ्या मनात असायचं. भोंग्याच्या आधीच आत आलो. मशीनवर हुतो तवा भाईर गलका झाला."

मला आठवलं. त्या दिवशी स्कोअर विचारला तर नुसता म्हणाला होता, "हात धू, पळ." भोंगा होऊन गेट उघडेपर्यंत मी आत गेटापाशी सगळ्यात पुढे उभा होतो, आणि दुसरा हाफ पहिल्या किकपासून पाहिला होता. तसा तो आयुष्यात एकदाच.

"मग एवढं सांगितलंस ते?"

"तू इचारलंस, राव. तुला न्हाई कसं म्हणू?"

शेवटी वॉचमनने लांबून हात केला तेव्हा उठलो.

रविवारी मी वाईला परतलो. ऑपरेशन नीट झालं. ग्राउंड बघायला गेलो होतो, ते काही सापडलं नाही, नुसता उतार सापडला. पण तिथे परत जायला मला पन्नास वर्षं का लागली, याची चुटपुट अजून जात नाही.

हल्ली मी संध्याकाळी फोन करतो. सुनीता स्पीकर लावून देते. दोन्ही हाफ आता मीच सांगतो. पहिल्या हाफात काही चुकलं, की किसन पलीकडून नखाने फोनवर टकटक करतो, आणि बरोबर सांगेपर्यंत थांबत नाही. कधी डावीकडचा पास उजवीकडे होतो, कधी राइट आउटचा लेफ्ट आउट. सुनीता म्हणते, "काका, तुम्ही फार विसरायला लागलात हो."

मी काही विसरत नाही. मुद्दाम चुकतो.