परत आलेली साखर

ऐका हो ऐका. लालबागच्या आमच्या चाळीतल्या समस्त बिऱ्हाडकरूंस, तसेच पुलापलीकडे परळला नांदणाऱ्या माहेरवाशिणीस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की गावच्या काकीने आमची साखर परत पाठवली आहे.

माझ्या आईने ही बातमी मला फोनवर साधारण याच आवाजात दिली. मी ऑफिसात जेवत होते. संध्याकाळी थेट माहेर गाठलं, कारण असला प्रयोग रोज लागत नाही.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. काका गेल्यापासून कोकणातल्या आमच्या सामाईक घरात ती एकटी राहते आणि सामाईक शेताचा एक तुकडा कसते. दर महिन्याला गावाकडे जाणाऱ्या खासगी बसने आई तिला बोचकं पाठवायची. साखर, चहापूड, अंगाचा साबण, आणि आईच्या ज्या साड्यांचा रंग अजून थोडा शिल्लक असेल त्या साड्या. काकीने कधी काही मागितलं नव्हतं. आम्हीही तिला कधी काही विचारलं नव्हतं. गाय विकायचं लालबागच्या खोलीत ठरलं, मागच्या पडवीवर पत्रे घालायचं तिथेच ठरलं, आणि दर वेळी काकी फोनवर म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. चाकरमान्यांची ही जुनी रीतच आहे. राहायचं मुंबईत आणि गावचा कारभार चहाच्या कपावर उरकायचा.

त्या संध्याकाळी साखरेची पिशवी मधोमध ठेवून सभा भरली. सभा म्हणजे आई, माझा मोठा भाऊ आणि मी. आईचं मत पडलं की कुणीतरी काकीचे कान भरलेत. दादाचं मत पडलं की तिला डायबेटीस झालाय आणि ती सांगायला लाजतेय. दादाचं मत आमच्याकडे निकालासारखं असतं, म्हणून पुढच्या बसने बिनसाखरेची बिस्किटं रवाना झाली. तीही परत आली. सोबत कोकमं आली, म्हणजे राग नव्हता. गूढ वाढलं.

त्याच सभेत जाता जाता दादाने शेताचाही निकाल लावला होता. तुकडा गावातल्या काजूच्या बागवाल्याला भाड्याने द्यायचा. दरवर्षी तिथून इतकं पोचट भात यायचं की जमीनच मेली, असं आम्ही धरून चाललो होतो. दादाने बागवाल्याला फोनवर होकारही देऊन टाकला. काकीला सांगायचं राहिलं. ते नेहमीच राहायचं.

दिवाळीनंतर काकी आली. बोलावल्याशिवाय, स्वतःच्या तिकिटाने. आजवर ती यायची ती कुणाच्या बाळंतपणाला नाहीतर आईच्या दुखण्याला, आणि आल्या आल्या पदर खोचून मोरीपाशी भांड्यांना बसायची. या वेळी ती सरळ खुर्चीत बसली. खुर्ची दादाची. दादा पलंगाच्या कडेला टेकला. मला जे काही सुख झालं ते मी तोंडावर दिसू दिलं नाही, असं माझं म्हणणं आहे. आई म्हणते, दिसत होतं.

तिने तांदूळ आणला होता. आईने तो शिजवला, तर भात कसा मोकळा, वास जिन्यापर्यंत. कुणाकडून घेतलास, असं दादाने विचारलं. काकी म्हणाली, आपल्याच शेतातला.

मग जेवता जेवता सगळं बाहेर आलं. सरकारकडून बायकांच्या खात्यात थेट पैसे जमा होतात, ते तिलाही सुरू झाले होते. लालबागच्या मानाने रक्कम किरकोळ; दोघांनी हॉटेलात जेवावं आणि आइस्क्रीमला थांबू नये एवढी. पण इतकी वर्षं लावणीच्या दिवसांत काकीच्या घरात मिठा-तेलाला पैसा नसायचा. आम्ही पाठवत होतो साखर. म्हणून ती रोजावर दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जायची, आणि सगळ्या गावाची लावणी आटपली की मग स्वतःची. तोवर तिची रोपं वाफ्यातच म्हातारी झालेली असायची. असलं उशिरा लावलेलं भात धरतं कुठे? आम्ही लालबागला बसून वर्षानुवर्षं तो उशीर खात होतो आणि नावं जमिनीला ठेवत होतो.

"ह्या वर्साक लोक बोलवूक इले," काकी म्हणाली, "तर मी सांगितलंय, पयली माजी लावणी, मगे तुमची."

फुकटचं मिळालं की माणसं आळशी होतात, असं प्रवचन आमच्या गॅलरीत नेहमी चालतं. बहुतेक आडवं पडून. काकी आळशी झाली नव्हती. श्रीमंतही झाली नव्हती. गुडघा तसाच दुखत होता. पैसे कधी लांबतात, तालुक्याची खेप फुकट जाते, पुढे मिळतील की नाही देव जाणे, हेही तीच सांगत होती. फक्त, आज कुणाच्या शेतात वाकायचं हे तिचं तिला ठरवता आलं होतं. माझ्या पगाराने मला एवढं तरी दिलंय का, याचा विचार करत मी आणखी भात वाढून घेतला. आणि साखर? काकीला पहिल्यापासून गुळाचा चहा आवडायचा. आता गूळ तिचा तिला घेता येत होता, एवढंच.

दादाने घसा साफ केला आणि काजूच्या बागवाल्याचा विषय काढला. काकीने हातातला घास संपवला.

"शेत मी देवचंय नाय."

दादा म्हणाला की शब्द गेलाय, गावात आपलं नाव आहे, आणि हे सगळं तिच्याच भल्यासाठी चाललंय.

"त्याका हो तू म्हटलंस, झिला. आता नाय पण तूच सांग."

दादाने आईकडे पाहिलं. घरात आई थोरली, शेवटचा शब्द तिचा. ती भाताचं पातेलं मांडीशी धरून बसली होती. मला वाटलं, आता ती काकीला समजावणार. काकीनेही पाठ ताठ केली. आईने एकदा दादाकडे पाहिलं, एकदा काकीकडे, डाव पातेल्यात ठेवला, आणि इतक्या वर्षांत कधी न पडलेला प्रश्न तिच्या तोंडून असा काही निसटला की शेजारच्या खोलीतला टीव्हीसुद्धा गप्प झाला:

"अगो, मगे आता आमचा ऐकतलो कोण?"