भाऊंना विचारून या

जोगेश्वरीच्या टेकडीवरून आमचा टेम्पो निघाला, तेव्हा गल्लीतलं एकही दार उघडलं नाही. तुम्ही सगळे आत होतात. आम्हाला वस्तीतून हाकललंय, हे ठाऊक असून गप्प होतात. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा दहावीला होते.

भाऊंना मोठं आपणच केलं, आठवतंय ना? त्यांनी वस्तीत नळ आणला, दिवे आणले. माझ्या वडिलांनी, आण्णांनीच त्यांना खांद्यावर घेऊन नाचवलं, वस्तीच्या कमिटीचं अध्यक्ष केलं. मग भाऊ म्हणाले, "दरवर्षी निवडणूक कशाला? मी आहे ना!" आपण टाळ्या वाजवल्या. पुढे दुकान कोणी टाकायचं, कुणाकडे पाहुणा राहायचा, तेही तेच ठरवू लागले.

एका सभेत आण्णा उठले. "भाऊ, यंदा तरी निवडणूक घ्या." बस्स, एवढंच. भाऊ हसले. "घेऊ की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाकऱ्या थापत होती आणि अचानक तव्यावर ऊन पडलं. भाऊंची माणसं छपराचे पत्रे काढत होती. आई किंचाळली. पत्रे उतरवून घेणाऱ्यांत शेजारचा वसंतकाका होता, रोज आमच्याकडे चहा पिणारा.

"वसंता, तू पण?" आण्णांनी विचारलं.

त्याने मान वर केली नाही. "आण्णा, मला इथंच राहायचंय ना."

आण्णा तसेच चौकीत गेले. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आधी भाऊंना विचारून या." कायद्यावर देवासारखा भरवसा ठेवणारा माझा बाप परत आला आणि उघड्या घरात मटकन बसला. त्याच दुपारी आम्ही निघालो.

पुढे वसंतकाकालाही भाऊंनी हाकललं, असं कानावर आलं. मला बरंच वाटलं. आण्णा मात्र म्हणाले, "कुठे आहे तो? जेवायला बोलव त्याला."

चारकोपच्या नव्या खोलीत आईने कितीतरी महिने भांडी मांडलीच नाहीत. लागेल तेवढं काढायची, घासून पुन्हा पोत्यात बांधायची. "इथंही कुणीतरी भाऊ होईल गं," म्हणायची.

आज माझं घर चारकोपलाच. शेजार चांगला, सगळं झकास. तरी सगळ्यांच्या तोंडी एकाच माणसाचं नाव यायला लागलं, की मी मनातल्या मनात भांडी पोत्यात भरायला घेते.