काळबांडे बाईंचा राग

काळबांडे बाई लग्नकार्यालाही कॅनव्हासचे पांढरे बूट घालून जात. वर काठापदराची चांगली साडी आणि खाली खडू घासून पांढरे केलेले बूट. बायका पदराआड हसत. बाई म्हणत, "हसा लेकहो. बाईमाणसाले कधी धावा लागंल, याचा काही नेम हाय का?"

पांढुर्ण्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या खेळ शिकवत. ऐंशीनंतरची ती वर्षं. मुलींचा खेळ म्हणजे खो-खो, फार तर लंगडी, अशी सगळ्यांची समजूत. बाईंनी शाळेमागच्या मुरमाड जागेत दोन खांब रोवले, लोहाराकडून लोखंडी कड्या करून आणल्या आणि आम्हाला बास्केटबॉल शिकवला. त्या जागेत शाळेचा कचरा पडायचा. तो हलवायला कुणी पुढे आलं नाही, तेव्हा पदर खोचून बाईंनीच फावडं घेतलं. "उद्या म्हणतीन, जागा कोणी देल्ली. कोणी नाही देल्ली, आपन घेतली," असं त्या आम्हाला ऐकवत.

आमच्यात सर्वांत सरस वच्छला. ती रामाकोन्याची. वडिलांचा संत्र्याचा बगीचा, आणि शिक्षणासाठी ती पांढुर्ण्याला मामाकडे राहायची. अंगाने बुटकी, पण चेंडू तिच्या हाती आला की समोरच्या मुलीला तो पुन्हा दिसायचा तो थेट कडीतून पडतानाच. मी उंच होते, तेवढंच. बाई मला म्हणत, "तुही उंची देवानं देल्ली, तिचा खेळ तिनं कमावला. फरक ध्यानात ठेव."

दर हिवाळ्यात विभागाच्या गावी नव्या मुलींची निवड होत असे. चार-पाच सरकारी खात्यांचे संघ होते. त्यांचे व्यवस्थापक मैदानाकडेला मांडवात बसत. दिवसभर मुली खेळत आणि संध्याकाळी एकेक संघ पाळीपाळीने आपल्याला हवी ती मुलगी उचलत असे. आदल्या वर्षी स्पर्धांत जो संघ तळाला राहिला, त्याची पाळी पहिली. उचलली गेली की मुलीला त्या खात्यात नोकरी. आमच्यासारख्यांना घराबाहेरचं जग दिसण्याची ती एकच खिडकी होती.

वच्छलाच्या वडिलांनी बाईंना स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "बाई, निवड झाली तं पोरगी तुमची. नाही झाली तं वैशाखात लगन. बोरगावची मंडळी थांबून राहिली."

त्या दिवशी वच्छला अशी खेळली की दुसऱ्या शाळांच्या मुलीही आपला खेळ सोडून बघत उभ्या राहिल्या. मग मुलींना एकेक करून मांडवापुढे बोलावलं. मधोमध बसलेल्या जाड्या व्यवस्थापकांनी वच्छलाला ना खेळाचं विचारलं, ना शाळेचं. पहिलाच प्रश्न, "शादी कब है?"

वच्छला खाली बघू लागली. तिला खोटं बोलता येत नसे.

"देखा," ते शेजारच्याला म्हणाले, "गाँव की लड़की है. दो साल में ब्याह के चली जाएगी. जगह खराब होगी."

बाई आमच्या मागेच, आमच्या मुख्याध्यापकांशेजारी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. "साहेब, पोरांच्या निवडीले हे विचारता का?"

"बहनजी, आप बैठिए."

"बसाले नाही आली मी. लगन होईन म्हणून तुम्ही इले घेऊन नाही राहिले. अन् तुम्ही घेतलं नाही, म्हणूनच तं इचं लगन होऊन राहिलं. हे समजते का तुमाले?"

कुणीतरी हसलं. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. नावं पुकारली जाऊ लागली, तेव्हा बाई सरळ माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "आज सर्वात चांगली खेळली ते पोरगी घरी जाऊन राहिली. काहून जाऊन राहिली, ते या सायबांले विचारा." तेवढ्यात माइक बंद झाला. बाईंना त्याची गरज नव्हती. पुढचं त्या माइकशिवायच बोलल्या आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मांडवातले साहेब मात्र चहा पीत राहिले.

माझं नाव आलं. एका साहेबांच्या भाचीचंही आलं; तिला धड चेंडू झेलता येत नव्हता. मी रडत बाईंना म्हणाले, मी जात नाही. त्या माझ्यावरच उखडल्या. "राग माहा हाय, तो मी पाहून घेतो. तू नोकरीवर जाय. एक दार उघडलं, ते तू काहून लावतं?"

दुसऱ्याच दिवशी त्या रामाकोन्याला गेल्या. एक वर्ष थांबा, म्हणून विनवणी केली. वच्छलाचे वडील वाईट नव्हते. म्हणाले, "मी देल्लेला शब्द पायला, बाई. नाही म्हटलं ते तुमच्या सायबांनी." वैशाखात वच्छला बोरगावला सासरी गेली.

बाईंना उद्धटपणाबद्दल शिक्षा झाली. सौंसरच्याही पलीकडे, जिथे मैदानच नव्हतं अशा शाळेत बदली. पांढुर्ण्याच्या त्या जागेत पुन्हा कचरा पडू लागला. तरी दर हिवाळ्यात बाई रजा टाकून त्या मांडवापाशी हजर होत. मी आमच्या संघाकडून तिथे असे, म्हणून पाहिलं आहे. कुठल्याही मुलीला लग्नाचं विचारलं की बाई मागून म्हणत, "हे खेयातलं नाही. दुसरं विचारा." साहेब चिडत. या बाईला आत कुणी सोडलं, असं विचारत. मग हळूहळू, बाई दिसल्या की साहेब तो प्रश्नच विचारेनासे झाले.

दशक संपता संपता बाई गेल्या. चार दिवसांचा ताप आणि संपलं. मी पोहोचले तेव्हा सावरगावच्या त्यांच्या घरासमोर गावातली माणसं, शाळेतली माणसं बसली होती. आमचे जुने मुख्याध्यापक म्हणत होते, "बाई चांगल्या होत्या, पण फार रागीट."

कडेवर मूल घेऊन वच्छला दाराशी उभी होती. एरवी मोठ्या माणसांपुढे ती बोलत नसे.

"रागीट नव्हत्या, सर," ती म्हणाली. "एकल्या होत्या. त्या दिवशी तुमीबी तिथं होते. तुमी चार जन जरी चिडले असते, तं बाईंचा आवाज एवढा मोठा वाटला नसता."

वच्छला मूल सावरत बाईंपाशी आत गेली.