लुगड्याचा ड्रेस

हातात कुठलाही कपडा आला की ती आधी तो उलटा करायची. शिवण बघायची, अंगठा आणि बोटाच्या मध्ये कापड चोळायची आणि डोळे बारीक करून म्हणायची, “मेलं न्हाय अजून.”

आमचं कामच तसं होतं. भिवंडीजवळच्या कोन गावाच्या आसपास गोदामांच्या ज्या रांगा आहेत, त्यातल्या एका गोदामात आम्ही परत आलेले कपडे तपासायचो. लोक फोनवरून ड्रेस मागवतात, घालून बघतात, आवडला नाही की परत पाठवतात. तुम्हीही कधी तरी पाठवला असेल. तो आमच्या टेबलावर यायचा. डाग आहे का, वास येतोय का, बटण तुटलंय का ते बघायचं. धड असेल तर नव्या पिशवीत, नाही तर बाजूच्या खोक्यात. दिवसभर हातातून नवेकोरे कपडे जायचे, आणि आमच्या अंगावर मात्र धुऊन धुऊन विरलेले असायचे.

ती माझ्या शेजारच्या टेबलावर होती. सगळे तिला ताई म्हणायचे, मीही. वय चाळिशीचं, हाडापेराने रुंद, बोलणं कमी. गणेशपुरीच्या बाजूच्या एका खेड्यातून एसटीने भिवंडीला यायची आणि तिथून कंपनीच्या गाडीने गोदामात. नवरा वीटभट्टीवर ट्रॅक्टर चालवायचा. ट्रॅक्टर उलटून तो गेला. मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि सासू, दोघीच. भाताचं थोडं शेत होतं, पण त्यावर वर्ष निघत नव्हतं.

पहिल्या दिवशी ती फिकट राखाडी साडी नेसून आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. सुपरवायझर उत्तर भारतातला, माणूस वाईट नव्हता. तिच्याकडे बघून म्हणाला, “कल से साडी नहीं चलेगी, ताई. पदर बेल्ट में फस गया तो?” सरकत्या पट्ट्यावर माल यायचा, त्यामुळे त्याचं बरोबर होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडलाच नाही. “मी जल्मात ड्रेस घातला न्हाय गो,” ती म्हणाली. “नवरा जाऊन वरीस न्हाय झालं. गावातनं ड्रेस घालून निघाले तर सासू उंबऱ्यात आडवी पडंल.”

“मग?”

“मग काय. काम सोडायचं आणि खायाचं काय?”

दुसऱ्या दिवशी मी माझा एक जुना ड्रेस आणला. तिने तो उलटा करून शिवण बघितली, उसवून सैल करायला आत दाबलेलं कापड नावालाही नव्हतं. “तुजं माप उंदराचं,” ती म्हणाली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. सुपरवायझरने आठवडाभराची मुदत दिली, तोवर पदर खोचून, वर जॅकेट चढवून काम कर म्हणाला.

त्या रविवारी ती भिवंडीत टेमघरला माझ्या घरी आली. माझ्याकडे लग्नात मिळालेलं शिलाई मशीन होतं. त्यावर आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवायचो. ते उतरवून पुसलं, तेल घातलं. तिने गाठोडं सोडलं. दोन साड्या होत्या आणि एक जुनं हिरवट लुगडं.

“हे सासूचं. गोधडीला काढलं व्हतं. मऊ हाय बघ.”

साड्यांतली एक नारिंगी होती, जांभळ्या काठाची. ती तिने मांडीवर घेतली आणि बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिली. वज्रेश्वरीच्या जत्रेत नवऱ्याने घेऊन दिली होती. आता ती नेसायची सोय नव्हती, आणि टाकायची तर हिंमत नव्हती. ट्रंकेत पडून घडीवर विरायला लागली होती.

मी कात्री पुढे केली नाही. म्हटलं, ही राहू दे, दुसरी घेऊ.

“न्हाय,” ती म्हणाली. “घडीवर फाटंल ती. अंगावर फाटू दे.”

आणि तिने स्वतः कापली. पहिला काप तिरका गेला. मग हात सरळ झाला. मी मशीनवर बसले, ती टाचण्या लावत गेली. काठ होता तो बाह्यांना लावला, पदराची ओढणी केली. विरलेला भाग नेमका काखेत येत होता, तिथे आतून दुसरं कापड लावलं. लुगड्याचा कुर्ता गुडघ्याखाली उतरला. त्याला तिने हट्टाने खिसा लावून घेतला.

सलवारींसाठी आम्ही आमच्या गल्लीच्या मागच्या लूमवर गेलो. तिथे विणताना बिघडलेलं कोरं कापड किलोवर विकायला ठेवतात. त्यातलं निवडून आणलं आणि अर्धं माझ्या मोठ्या पातेल्यात रंगवलं. रंग पुडीवर लिहिल्यापेक्षा भलताच उठला. दोघींचे हात कोपरापर्यंत निळे. माझा नवरा लूमवरची ड्युटी संपवून घरी आला, आमच्याकडे बघितलं आणि चहा ठेवायला आत गेला.

संध्याकाळी तिने पलंगावर सगळं मांडलं. दोन कुर्ते, एक निळी सलवार, एक पांढरी, दोन ओढण्या. कुठलंही कशावरही चालत होतं. ती उभी राहून बघत होती. शेत कापून झाल्यावर बांधावर उभं राहून बघतात तशी.

सोमवारी ती गावातून साडीतच आली, आणि लॉकरच्या खोलीत कपडे बदलायला गेली ती बाहेरच येईना. आम्ही दार वाजवलं. “येते, येते,” म्हणत राहिली. शेवटी आली ती नारिंगी कुर्त्यात, ओढणी डोक्यावरून घेऊन, खाली मान घालून. कुणीच हसलं नाही. शेजारच्या लाइनवरची एक मुस्लिम मैत्रीण पुढे झाली, तिची ओढणी खांद्यावर नीट लावली, पिन टोचली आणि म्हणाली, “माशाल्ला, ताई. नजर उतारो कोई इनकी.”

काही दिवस तिचा हात पदर शोधत राहिला. घाम पुसायला, सुपरवायझर आला की सावरायला, खोकला आला की तोंडावर धरायला हात खांद्याकडे जायचा आणि रिकामाच परत यायचा. तिचं तिलाच कळायचं. “सवय मरत न्हाय,” म्हणायची.

सकाळी त्या मैत्रिणीचा बुरखा आणि ताईची साडी एकाच लॉकरमध्ये जायची. संध्याकाळी दोघी पुन्हा आपापल्या कपड्यात शिरायच्या आणि घरी जायच्या. त्या दोघींचं हिंदी-मराठी मिसळून काय बोलणं चालायचं ते त्यांनाच ठाऊक. त्या मैत्रिणीनेच एके दिवशी ताईच्या कपाळावर बारीक मरून टिकली लावली. ताईने आरशात बघितलं. काढली नाही. गाडी भिवंडी स्टँडजवळ आली, तेव्हा हळूच काढून रुमालात ठेवली.

हळूहळू तिच्यात बदल झाला. केसांना तेल लागलं, मानेवरचा अंबाडा वर गेला. मोचीकडून चपलेला नवा अंगठा लावून घेतला आणि घरी जाऊन स्वतःच ती पॉलिश केली. मान वर करून चालायला लागली. आमच्यातल्या बायकाही मग घरून जुने कपडे आणू लागल्या. जेवणाच्या सुट्टीत तिच्यापुढे ढीग पडायचा. ती एकेक उलटा करून बघायची. याची बाही काढ, याचा गळा बदल, हे तिला दे, तिचं तू घे. एकीच्या घरी पाहुणे बघायला येणार होते आणि नवीन घ्यायची सोय नव्हती. ताईने दोन ड्रेस फोडून तिच्यासाठी एक करून घेतला. ती मुलगी आता कल्याणला नांदते.

मग एके दिवशी दुपारी फोन आला. सासू विहिरीवर घसरून पडली होती.

ताई जशी होती तशी निघाली. मी बरोबर गेले. अर्ध्या वाटेत, रिक्षात, तिचं लक्ष स्वतःच्या अंगाकडे गेलं. लुगड्याचा कुर्ता, निळी सलवार, कपाळावर टिकली. साडी लॉकरमध्येच राहिली होती. तिने टिकलीला हात लावला आणि मग हात खाली घेतला.

“राहू दे,” मला म्हणाली की स्वतःला, कळलं नाही.

अंगणात गाव जमलं होतं. बायका तिच्या टिकलीकडे बघत बाजूला झाल्या. आजी, म्हणजे ताईची सासू, ओट्यावर खाटेवर पडली होती, पाय सुजलेला. ताई तिच्या पायाशी बसली. म्हातारीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग हात लांब करून कुर्त्याचं टोक चिमटीत धरलं.

“हे तर माजं लुगडं हाय.”

“व्हय, आई.”

“लाज न्हाय वाटली?”

ताईची मान खाली गेली. “वाटली,” ती म्हणाली. “पण पोट व्हतं.”

म्हातारीने तोंड भिंतीकडे फिरवलं. टोक मात्र सोडलं नाही. तिला उचलून गाडीत घालेपर्यंत ते तिच्या मुठीतच होतं.

पायाला प्लास्टर लागलं. ताईने सुट्टी काढली, मग आजीला शेजारणीवर सोपवून पुन्हा कामावर येऊ लागली. प्लास्टरवर लुगडं नेसवता येईना, म्हणून ताईने गाठोड्यातल्या आपल्या दुसऱ्या साडीचे आजीसाठी दोन गाऊन शिवून घेतले. म्हातारीने आधी शिव्या घातल्या. मग घातले. मी भेटायला गेले तेव्हा मला जवळ बोलावून गाऊनचा खिसा दाखवला. आत तपकिरीची डबी होती.

ताई अजूनही सकाळी साडी नेसून निघायची. एक दिवस खाटेवरूनच म्हातारी म्हणाली, “हितूनच घालून जा की. तिकडं चोरासारखं कुठं बदलत बसतेस.” ताईने आम्हाला हे सांगितलं आणि मग बराच वेळ ती एकच कुर्ता तपासत बसली.

त्यानंतर ती गावातून ड्रेस घालून, टिकली लावून एसटीला उभी राहायची. पहिले काही दिवस लोक बोलले. मग थांबले.

लावणीच्या दिवसांत ती पहाटे शेतात चिखलात उतरायची आणि मग ड्युटीला यायची. ताप आला, तो अंगावर काढला. आम्ही घरी जा म्हटलं की म्हणायची, “थोडी कणकण हाय.” डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा आम्ही जबरदस्तीने तिला भिवंडीच्या दवाखान्यात नेलं. उशीर झाला होता. आठवडाही निघाला नाही.

आम्ही लाइनवरच्या सगळ्या तिच्या गावी गेलो. कुणीतरी तिच्यावर पांढरी साडी घालायला काढली होती. म्हातारी खाटेवरून उठली, भिंतीला धरत धरत आली आणि म्हणाली, “ही न्हाय. ती रंगाची माणूस व्हती.” मग स्वतःच्या ट्रंकेतलं लाल काठाचं लुगडं काढून दिलं. स्वतःच्या सरणासाठी जपून ठेवलेलं होतं ते.

दिवसपाणी झाल्यावर मी एकटीच पुन्हा गेले. आजी ओट्यावर बसली होती. पाय बरा झाला होता, थोडी लंगडत होती. मी लाडू नेले होते, ते तिने बाजूला ठेवले. आपली सून कामावर कशी होती, ते विचारलं. काय बोलायची, कुणाशी बसायची, हसायची का. मी सांगत गेले. ती ऐकत गेली. मधेच म्हणाली, “घरात न्हाय हसायची गो. मीच हसू दिली न्हाय.”

मी निघायला उठले तेव्हा तिने माझा हात धरला.

“तुमच्यात म्हाताऱ्या बायका घेतात का कामाला?”

माझी नजर तिच्या पायाकडे गेली. तिचं वय, तिचा पाय, दिवसभर उभं राहायचं काम. माझ्या तोंडावरून तिने ओळखलं असणार, पण हात सोडला नाही.

“लुगडं चालत न्हाय ना तिकडं? मी ड्रेस घालीन. तू शिवून दे.”

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? माप घ्यायला टेप नव्हता, म्हणून वितीने घेऊ लागले. ती ओट्याच्या खांबाला धरून, पाठ जमेल तेवढी ताठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. खांद्यापासून खांद्यापर्यंत तिची पाठ जेमतेम दोन विती भरली. ताई म्हणाली असती, उंदराचं माप. मी ती पुन्हा एकदा मोजली.